कामगाराचं काम घसरलं, तर आधी काय तपासायचं

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजचं मशीन शॉप असो, जालन्याची रोलिंग मिल असो, की लातूरची डाळ मिल, उत्पादन कमी आलं की सुपरवायझरच्या तोंडी एकच वाक्य येतं: "त्याचं कामात ध्यानच नाही." कधीकधी ते खरं असतं. पण दुसऱ्याची चूक दिसली की ती त्याच्या स्वभावावर ढकलायची आणि आपली झाली की परिस्थितीवर, ही माणसाची जुनी खोड आहे. दुसऱ्याच्या स्वभावावर ढकलायच्या तिच्या भागाला ली रॉस या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली नावही दिलं. या खोडीपायी कारखान्यात बराच पैसा वाया जातो, कारण चुकीच्या कारणावर उपाय होतो आणि चांगला माणूस गेटच्या बाहेर जातो.

काम चांगलं व्हायला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात. माणसाला ते जमलं पाहिजे, करावंसं वाटलं पाहिजे आणि करता येईल अशी सोय असली पाहिजे. पहिल्या दोन सगळ्यांना ठाऊक असतात. तिसरी कायम विसरली जाते, हे ब्लूमबर्ग आणि प्रिंगल या दोघांनी १९८२ साली ठासून मांडलं. या तिन्हींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. कसब आणि इच्छा भरपूर आहे, पण इन्सर्टच (मशीनमधलं धातू कापणारं पातं) बोथट आहे, तर उत्तर शून्याच्या जवळच येणार.

तपासायचा क्रम असा ठेवा: आधी सोय, मग कसब, मग इच्छा. सोय तपासायला खर्च कमी येतो आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. "तुझी नियत बरोबर नाही" असं एकदा तोंडून गेलं, की नंतर मशीनमध्ये दोष सापडला तरी तो शब्द मागं घेता येत नाही.

आकडा आधी, मत नंतर

"काम घसरलं" हे वाक्य वहीत लिहू नका. काय घसरलं ते लिहा. मागच्या सहा आठवड्यांची रोजची नोंद काढा: तारीख, शिफ्ट, मशीन नंबर, पार्ट नंबर, चांगले नग, रिजेक्शन, रिवर्क (दुरुस्त करावे लागलेले नग), आणि मशीन बंद राहिल्याची मिनिटं. हा शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी नसतोच. तो आजच सुरू करा. त्याच्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

एका आठवड्याच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. प्रत्येकाचं काम थोडं वरखाली होतच असतं. सगळ्यात वाईट आठवड्यानंतर येणारा आठवडा बहुधा आपोआपच बरा असतो, कारण माणूस आपल्या नेहमीच्या पातळीवर परत येतो. यातूनच एक गैरसमज पक्का होतो. वाईट आठवड्यानंतर झापलं, पुढचा आठवडा सुधारला, म्हणजे झापल्यानं सुधारला असं वाटतं. चांगल्या आठवड्यानंतर शाबासकी दिली, पुढचा जरा उतरला, म्हणजे कौतुकानं पोरं शेफारतात. दोन्हीकडं कारण तेच, नेहमीच्या पातळीवर परतणं. पण सुपरवायझर जन्मभर ओरडत राहतो आणि त्याला ते अनुभवाचे बोल वाटतात.

सोय: मशीन, माल, टार्गेट, जागा

पहिली परीक्षा अदलाबदलीची. ज्याचं काम घसरलं त्याला दोन शिफ्ट तशाच दुसऱ्या मशीनवर लावा आणि तिथल्या ऑपरेटरला याच्या मशीनवर. पार्ट तोच, शिफ्ट तीच, मालाचा लॉट तोच ठेवा. कमी आकडा मशीनपाशीच राहिला तर दोष मशीनचा, फिक्स्चरचा (नग पकडून ठेवणारी पकड) किंवा टूलिंगचा. माणसाबरोबर फिरला तर कारण माणसाकडं आहे. इथं हमखास होणारी चूक म्हणजे मशीनही बदलायचं आणि त्याच दिवशी नवा लॉटही लावायचा. मग काहीच सिद्ध होत नाही. दोघांनाही आधी सांगा की परीक्षा मशीनची आहे. नाहीतर एक जण घाबरून हात आखडतो आणि दुसरा नुसता दाखवण्यासाठी पळतो.

दुसरी परीक्षा टार्गेटची. टार्गेट पुष्कळदा ऑफिसात, मशीनच्या सायकल टाइमवरून, म्हणजे मशीनला एका नगाला लागणाऱ्या वेळेवरून, ठरतं. उदाहरण घ्या. आठ तासांची शिफ्ट म्हणजे ४८० मिनिटं. जेवणाची ३० आणि दोन चहांची २० वजा केली तर ४३० उरतात, म्हणजे २५,८०० सेकंद. सायकल टाइम ९० सेकंद धरला तर २८६ नग निघतात आणि कुणीतरी फळ्यावर २८० लिहून मोकळं होतं. पण नग काढणं, हवा मारणं, नवा बसवणं यात २० सेकंद जातात. ११० सेकंदांनी भागलं तर येतात २३४. त्यातून दर पन्नास नगांना गेज (माप तपासायचं साधन) लावून तपासणी आणि शिफ्टमध्ये एकदा इन्सर्ट बदलणं धरलंत, तर २२० सुद्धा चांगलं काम म्हणावं लागेल. अशा ठिकाणी २८० च्या जवळ पोचणारा ऑपरेटर दिसला, तर कौतुक करण्याआधी तो गेज लावतो का ते बघा.

हा हिशेब स्टॉपवॉच घेऊन सलग दहा नगांवर करा, तेही ऑपरेटरला सांगून. चोरून वेळ मोजली की सगळ्या लाईनला अर्ध्या तासात कळतं, आणि त्या दिवशीचे आकडे कामाचे राहत नाहीत. उघडपणे मोजलं तरी पहिले एक-दोन दिवस माणूस वेगळाच वागतो, म्हणून तिसऱ्या दिवशीचा आकडा धरा.

जागेचं बघायला फार साधनं लागत नाहीत. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज साधारण ८५ डेसिबलच्या वर आहे असं समजा. तिथं कानाला संरक्षण हवं, आणि तोंडी सूचना अर्धवटच ऐकू जाणार हेही धरून चला. बारीक तपासणीच्या टेबलावर ५०० ते १००० लक्स (उजेडाचं माप) उजेड असावा. मोबाईलमधलं लक्समीटर अंदाजापुरतं चालतं. डाळीच्या निवडणीला दिवसा खिडकीजवळ बसणाऱ्या बाईचा माल साफ आणि संध्याकाळी आत बसणारीच्या मालात खडे, असं दिसलं तर बायका बदलू नका, दिवा बदला.

उन्हाळ्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये, भट्टीपाशी त्याहून जास्त. या दिवसांत हात मंदावतो, चुका वाढतात, माणूस चिडचिडा होतो. हे शरीराचं काम आहे, आळसाचं नाही. उष्णतेच्या कामावर नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या २० टक्केच ठेवा आणि रोज २० टक्क्यांनी वाढवा. जुना माणूस आठवडाभर किंवा जास्त दिवस गावी राहून परत आला असेल, तर पहिल्या दिवशी ५० टक्के, मग ६०, मग ८०, चौथ्या दिवशी पूर्ण. अंगाची उन्हाची सवय तेवढ्यात मोडलेली असते. लग्नाच्या सुट्टीवरून आलेला जुना गडी पहिल्याच दिवशी भट्टीपाशी चक्कर येऊन पडतो, तो यामुळंच.

पाणी दर १५-२० मिनिटांनी एक पेला, म्हणजे साधारण २५० मिली, तहान लागायची वाट न बघता. त्यासाठी जार हाताशी पाहिजे. नगावर मजुरी असेल तर लांबच्या जारकडं कुणी जाणार नाही, कारण प्रत्येक फेरी खिशातून जाते. आणि एक गोष्ट पुरुष सुपरवायझरच्या ध्यानात येत नाही. स्वच्छतागृह लांब किंवा घाण असेल तर बायका मुद्दामच पाणी कमी पितात. दुपारनंतर त्यांचं डोकं दुखतं, वेग उतरतो. वहीत मात्र "दुपारी टाइमपास" एवढीच नोंद होते.

नाईट शिफ्टचं थोडक्यात: पहाटे तीन ते पाच हा शरीराचा सगळ्यात मंद काळ. सेटिंग बदलणं, नवा पार्ट चालू करणं, अवघड मोजमाप या वेळेत ठेवू नका. शिफ्ट फिरवताना सकाळ, मग दुपार, मग रात्र असा क्रम ठेवा. उलटा क्रम अंगाला जड जातो. आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दिवसा झोप लागत नाही, हे विसरून नाईटवाल्याच्या लाल डोळ्यांवरून त्याच्याबद्दल मत बनवू नका.

कसब: येतं का, हे विचारू नका, बघा

"येतं का?" या प्रश्नाला उत्तर कायम "हो साहेब" असंच मिळतं. नोकरी नवी असली तर दुसरं उत्तर द्यायची कुणाची हिंमत होत नाही. त्यापेक्षा शेजारी उभं राहून पाच नग करायला सांगा, आणि करताना काय करतोय ते बोलायलाही सांगा. जिथं बोलणं अडतं तिथं समज कच्ची आहे. हात बरोबर चालतोय पण कारण सांगता येत नाही, तर तो रोजच्या पार्टवर चालेल आणि नव्या पार्टवर अडकेल.

शिकवायचं तेही ठरावीक रीतीनं. आधी तुम्ही करून दाखवा, महत्त्वाच्या जागा तोंडानं सांगत. मग त्याला करू द्या आणि त्याच जागा त्याच्या तोंडून वदवून घ्या. मग एकटं सोडा आणि पहिल्या दिवशी दर तासाला, नंतर दिवसातून दोनदा बघा. बऱ्याच युनिटमध्ये यातली पहिलीच पायरी होते: "बघ, असं करायचं, समजलं ना?" आणि सुपरवायझर निघून जातो. शिकाऊ माणसाला नगांचं टार्गेट पहिल्या दिवसापासून लावू नका. काम अजून हातात बसलेलं नसताना आकड्याच्या मागं पळालं की चुकीची सवय कायमची बसते. त्याला या आठवड्यात ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) भरायला शिक, पुढच्या आठवड्यात इन्सर्ट बदल, असं शिकण्याचं टार्गेट द्या.

चाळिशी ओलांडलेल्या जुन्या ऑपरेटरचं रिजेक्शन हळूहळू वाढत असेल आणि बाकी सगळं तसंच असेल, तर आधी डोळे तपासून घ्या. या वयात जवळचं दिसणं कमी होतं. व्हर्नियरची ०.०२ मिलिमीटरची रेघ जुळली की नाही हे नीट दिसत नाही, आणि चष्मा लागला असं सांगायला माणूस लाजतो. वाचायचा चष्मा किंवा डिजिटल व्हर्नियर, एवढ्यावर पुष्कळदा गोष्ट मिटते.

इच्छा: इथं पैसा येतो, पण एकटा येत नाही

ट्रेनिंग हॉलच्या भिंतीवर मास्लोचा गरजांचा त्रिकोणी मनोरा लावलेला असतो, खाली पोट आणि वर मान. छान दिसतो, पण माणसाच्या गरजा त्याच क्रमानं पायरी-पायरीनं चढतात याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. शॉपफ्लोअरवर त्यापेक्षा व्हिक्टर व्रूमनं १९६४ साली मांडलेले तीन प्रश्न उपयोगी पडतात. मी जोर लावला तर काम होईल का? काम झालं तर ठरलेलं मिळेल का? आणि जे मिळणार ते मला हवंय का? तिन्हींपैकी एकाचं उत्तर "नाही" असलं की माणूस हात आखडता घेतो. त्यात त्याचा हिशेब बरोबरच असतो.

इन्सेंटिव्हच्या योजना बहुधा पहिल्या दोन प्रश्नांवर आपटतात. महिन्याचं टार्गेट शंभर टक्के झालं तरच बोनस, अशी अट असते. पहिल्या पंधरवड्यात माल नसल्यामुळं लाईन चार दिवस बंद राहते. आता टार्गेट गाठणं शक्यच नाही हे सोळा तारखेला सगळ्यांना कळतं, आणि उरलेला महिना सगळे आरामात काढतात. हिशेब आठवड्याचा करा आणि मशीन बंद राहिल्याची मिनिटं टार्गेटमधून वजा करा. फक्त नगांवर पैसे देत असाल तर गुणवत्ता पडणार हे गृहीत धरा. चांगल्या नगांवरच पैसे द्या आणि रिवर्क वेगळं लिहा.

दुसरी मोठी गोष्ट तुलनेची. माणूस आपला पगार नुसता मोजत नाही, तो शेजारच्या माणसाशी ताडून बघतो. किती घाम गाळला आणि किती मिळालं, हे दोन्हीकडं मोजतो. स्टेसी अ‍ॅडम्सनं हे १९६३ मध्ये मांडलं. एका लाईनवर, एकाच कामावर कंपनीचा कायम माणूस आणि ठेकेदाराचा माणूस शेजारी-शेजारी उभे असतात तेव्हा हे ताडणं रोज आठ तास चालतं. पगारातला सगळा फरक सुपरवायझरच्या हातात नसतो. पण पुढच्या गोष्टी असतात: रविवारचा ओव्हरटाइम कुणाला मिळतो, जड काम कायम कुणाच्या वाट्याला येतं, सुट्टी कुणाची लगेच मंजूर होते, चूक झाली की नाव कुणाचं निघतं. हे चारही पाळीनं करा आणि पाळीचा तक्ता फळ्यावर लावा. तक्ता खिशात ठेवला की वशिल्याची कुजबुज सुरू होते, मग तुम्ही कितीही सरळ असा.

ओव्हरटाइमला कोणी थांबत नाही अशी तक्रार असेल, तर आधी पगाराची चिठ्ठी मागवा. ओव्हरटाइमचा कायदेशीर दर दुप्पट आहे. मधल्या माणसानं तो एकपटच दिला असेल किंवा पीएफची कपात का झाली हे कुणी समजावलं नसेल, तर न थांबणाऱ्याला कामचुकार म्हणण्यात अर्थ नाही. सलग दोन महिने पगाराची तारीख मागं-पुढं झाली, तरी हाच परिणाम दिसतो.

स्वभावाचाही वाटा असतो, नाकारू नये. नेटकेपणा आणि जबाबदारीची जाणीव हा गुण जवळजवळ सगळ्या प्रकारच्या कामांत उपयोगी पडतो, असं बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं. पण हा गुण माणसाच्या गावावरून, जातीवरून किंवा चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. "अमक्या तालुक्याची पोरं टिकत नाहीत" हे भरतीच्या टेबलावर सर्रास ऐकू येतं. हजेरीपट काढून बघा. तिथं हे वाक्य क्वचितच टिकतं.

घर, वावर आणि पाण्याचा दिवस

वाळूजच्या लाईनवर उभ्या असलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं एक पाऊल गावात असतं. चार एकर कोरडवाहू, म्हातारे आईबाप, भावाबरोबरची वाटणी. मृगाचा पाऊस पडला की पेरणी कुणासाठी थांबत नाही. मग श्रावणाच्या शेवटी पोळा, भाद्रपदात महालक्ष्म्या, ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, पुढं कापसाची वेचणी, आणि एप्रिल-मेमध्ये लग्नं. या दिवसांत खाडे पडणार हे दरवर्षीचं आहे, तरी दरवर्षी प्लॅनिंगवाले चकित होतात.

मागच्या दोन वर्षांचे हजेरीपट घ्या. बावन्न आठवड्यांचा तक्ता करा आणि प्रत्येक आठवड्याची सरासरी गैरहजेरी लिहा. नेहमीपेक्षा दीडपट असलेले आठवडे लाल करा. सण तिथीवर असल्यानं तारखा दरवर्षी सरकतात, म्हणून शेजारी पंचांगातली तिथीही टाका. मग त्या आठवड्यांच्या महिनाभर आधी विचारा: कुणाला कधी लागणार? एकाच कामावरच्या दोघांना एकाच वेळी सोडू नका, पण एकाला नक्की सोडा. सुट्टी मागूनही मिळत नाही हे कळलं की माणूस न मागताच जातो, आणि मग तुमच्या हातात काहीच राहत नाही.

वाळूजजवळच्या रांजणगाव, जोगेश्वरीकडं भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचा आणखी एक दिवस असतो, नळाला पाणी यायचा किंवा टँकरचा. एकटा राहणारा किंवा नवरा-बायको दोघंही कामाला जाणारे त्या दिवशी उशिराच येतात. उशीर नेहमी ठरावीक अंतरानंच होत असेल तर हे एकदा विचारून बघा. त्या दिवशी दुसऱ्या शिफ्टवाल्याशी बदली करून दिलीत तर लेटमार्कचा प्रश्न बहुधा सुटतो.

बोलायचं कसं

सगळं तपासून झाल्यावरच बसा. लाईनवर नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच नाही, आणि नाईट संपवून निघालेल्या माणसाला थांबवूनही नाही. शिफ्टच्या पहिल्या दोन तासांत, बाजूला, पंधरा-वीस मिनिटं. वयानं मोठा असेल तर काका किंवा मामा म्हणा. लहान असला तरी या बैठकीत "तुम्ही"च.

सुरुवात आकड्यानं करा: "दादा, मागच्या तीन आठवड्यांत सात नंबरवर रोज २२० चे १८० होतायत. मशीन तपासलं, ते ठीक आहे. तुम्हाला कशात अडतंय?" आणि गप्प बसा. शांतता अवघड वाटते म्हणून सुपरवायझरच पुढं बोलत सुटतो आणि उत्तरही स्वतःच देतो. "काही नाही साहेब, करतो" असं उत्तर आलं तर ते उत्तर नाही. चला, मशीनवर जाऊन दाखवा म्हणा. हात चालू असताना माणूस जास्त बोलतो. घरचं आजारपण किंवा कर्ज निघालं तर ते वहीत लिहू नका आणि दुसऱ्याला सांगू नका. एकदा बाहेर गेलं की लाईनवरचं दुसरं कुणीही तुमच्याशी खरं बोलणार नाही.

तोंडाला दारूचा वास येत असेल तर ही बैठक त्या दिवशी घेऊच नका. त्याला लगेच मशीनवरून बाजूला करा, गाडीची किल्ली घ्या, सोबत माणूस देऊन घरी पाठवा. बोलणं दुसऱ्या दिवशी.

बैठकीतून एक किंवा दोनच गोष्टी ठरवा, एक त्याच्याकडची आणि एक तुमच्याकडची. "नीट काम करा" हे ठरवणं नव्हे. "शुक्रवारपर्यंत २००, रिजेक्शन चारच्या आत, फिक्स्चरचा क्लॅम्प मी बुधवारी बदलून देतो" हे ठरवणं. बुधवारी क्लॅम्प बदलला नाही तर शुक्रवारी विचारायचा हक्क उरत नाही. दर तासाचा आकडा मशीनजवळच्या फळ्यावर त्याला स्वतःला लिहू द्या. महिनाअखेरीला कळलेल्या चुकीचा उपयोग नसतो.

एक आठवड्यानं, दोन आठवड्यांनी आणि तीस दिवसांनी त्याच वहीतून, त्याच रकान्यांतून आकडा काढा. सोय झाली, कसब आहे, मोबदला चोख आहे, बोलणंही झालं आणि तरी फरक नाही, तर आधी काम बदलून बघा. बारीक तपासणीला कंटाळणारा माणूस डिस्पॅचला उत्तम चालतो, याची उदाहरणं प्रत्येक युनिटमध्ये सापडतात. त्यानंतरही तेच राहिलं तर लेखी समज द्या. तिच्यात मत नको. तारखा, आकडे आणि दोन्ही बाजूंनी काय ठरलं होतं तेवढंच. तिची प्रत त्याला द्या, मराठीत.